फळ्यावरचे पंचवीस अंश

सूटच्या खोलीत मावशीचं राज्य आहे, असं सगळे म्हणायचे. असलं कसलं राज्य! प्रजा सगळी रबराची आणि हुकूम सगळे दाराबाहेरच्या फळ्याचे.

धक्क्यावरून आत आलं की उजव्या हाताची पहिलीच लांबट खोली. दोन्ही भिंतींना लोखंडी नळ्या, नळ्यांवर रुंद खांद्यांचे हँगर आणि त्यांना लटकलेले काळे वेटसूट, आतली माणसं कुणी काढून नेल्यासारखे. आधी तीन मिलीमीटर जाडीचे, मग पाचचे, कोपऱ्यात सातचे. पाण्याखाली जाणाऱ्याला मापाचा सूट द्यायचा, तो परत आला की सूट गोड्या पाण्यात बुचकळायचा, उलटा करून वाळवायचा, चेनला मेण लावायचं, हे मावशीचं काम. नऊ वर्षांत तिने ते एक दिवस चुकवलं नव्हतं. सकाळी खोली उघडली की आधी हात जोडायची आणि मग एकेक सूट पाठीशी आणि गुडघ्याशी चिमटीत धरून बघायची. शेकडो वेळा खोल पाण्याने दाबला गेलेला सूट आतून चपटा होतो. बाहीवर पाच लिहिलेलं तसंच राहतं, सूट मात्र साडेतीनचा झालेला असतो. डोळ्यांना ते दिसत नाही, चिमटीला कळतं.

पण कुणाला कुठला सूट द्यायचा हे तिच्या चिमटीने ठरत नव्हतं. ते फळ्यावर रंगाने कायमचं लिहून ठेवलं होतं: चोवीस अंशांच्या वर तीनचा, अठरा ते चोवीस पाचचा, त्याखाली सातचा. आणि वर खडूने त्या दिवसाचं तापमान. नियम मावशीच्या धाकट्या भावाचा. डायव्हिंगचं हे केंद्र त्याचं, बोट त्याची, शिकवणाराही तोच. सगळे त्याला कप्तान म्हणायचे. आरशासमोर तोही स्वतःला कप्तानच म्हणत असावा.

गेले तीन आठवडे फळ्यावर पंचवीस होतं, आणि गेले तीन आठवडे मावशीचं डोकं फिरायची वेळ आली होती.

कारण चेन. वेटसूटची चेन पाठीवर असते आणि तिला एक लांब दोरी असते. वर आलेला माणूस हात मागे नेतो आणि दोरी ओढून स्वतःच चेन उघडतो. बोटं गारठलेली असली की दोरी सापडत नाही, सापडली तर धरवत नाही. मग माणूस मावशीपुढे येऊन पाठ फिरवतो. "मावशी, जरा चेन." पूर्वी दिवसातून एखादा यायचा. आता रांग लागायची. ओठ जांभळे, दात कडकड वाजतायत आणि वर हसून सांगायचं, "छे हो, थंडी कसली! सवय नाही, एवढंच."

पंचवीस अंशांत दात वाजतात? तेवढ्या पाण्यात लहान लेकरं तासन्‌तास खेळतात. मावशीने कप्तानाला तीनदा विचारून पाहिलं होतं.

"अरे, खाली पाणी गार असणार."

"ताई, फळा वाच."

"फळा वाचूनच विचारतेय मी."

"तू कधी उतरली आहेस पाण्यात? अंघोळीच्या बादलीपलीकडे?"

बोटीवरचे सगळे हसले. मावशी हळू बोलणारी बाई. हळू बोलणाऱ्याचं एक वाईट असतं. त्याचं बोलणं संपलं असं समोरचा फार लवकर धरून चालतो.

एवढंच असतं तर तिने मनावर घेतलं नसतं. नऊ वर्षांत टोमण्यांनी कातडी तिचीही सात मिलीमीटरची झाली होती. पण यात भाची अडकली होती.

भाची म्हणजे मधल्या बहिणीची मुलगी, दोन वर्षांपासून मावशीकडेच राहणारी. अंगाने अशी की कप्तान तिला 'काडीपैलवान' म्हणायचा. बारा दिवसांपूर्वी तिची गाईडची परीक्षा झाली. वीस मीटर खोल जायचं, चाळीस मिनिटं खाली राहायचं, दोरीला तीन गाठी मारायच्या, हवेच्या पिशवीने एक लोखंडी नांगर उचलायचा आणि वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं स्थिर थांबायचं. घरी स्वयंपाकघरात डोळे मिटून ती गाठी मारायची, एका दमात तिन्ही. खाली मात्र दुसऱ्याच गाठीला दोरी हातातून सुटली. परत घेतली, परत सुटली. परीक्षकाने हात हलवून परीक्षा थांबवली.

वर आल्यावर कप्तानाने दहा लोकांत निकाल देऊन टाकला, "घाबरली. हात कसे लटपटत होते! होतं असं. सगळ्यांचं काळीज सारखं नसतं."

त्या दिवसापासून पोरगी मिटली. जेवताना मावशी काही विचारायला गेली की "हं" एवढंच. एकदा मात्र भांडी पुसता पुसता म्हणाली, "मावशी, मला खाली कसलीच भीती वाटली नव्हती गं. पण मामा म्हणतो म्हणजे वाटली असेल. मला कळली नसेल."

स्वतःच्या मनात काय होतं तेसुद्धा या पोरीने मामाला विचारून ठरवायचं?

परीक्षक अजून दोन दिवस गावात होता. उद्या सकाळी दुसरी आणि शेवटची संधी. भाचीने सांगून टाकलं होतं, "उद्या नाही जमलं तर मी पाण्याचं नाव काढणार नाही. माझी लायकीच नाही असं समजेन." आणि ती बोलेल ते करणारी होती.

तर परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी ती खोलीत आली. "तीनचा दे. माझा नेहमीचा."

मावशीने पाचचा पुढे केला.

"हा काय?"

"आज घालून बघ."

"मावशी, पाणी पंचवीस आहे. पाचचा घालून गेले तर परीक्षक काय म्हणेल? आधीच भित्री, आता गोधडी गुंडाळून आली!"

"म्हणू दे."

"तुझं काय जातंय म्हणायला! तू माझे लाड करतेस म्हणून सगळे मला कच्ची समजतात." तिने स्वतःच हात घालून तीनचा ओढला आणि पाय घसरून सहज आत जावा म्हणून त्याला प्लास्टिकची पिशवी चढवून तो आत सारायला लागली. पिशवी फाटली. "हेसुद्धा धड नाही!" म्हणत तिने ती भिरकावली आणि सरावाच्या बोटीवर निघून गेली.

मावशी फाटकी पिशवी हातात घेऊन उभी राहिली. राग भाचीचा आला नव्हता. राग त्या फळ्याचा आला होता, आणि फळ्याशी भांडता येत नाही याचा जास्त.

दुपारी बाराला बोट परत आली. पाठी वळल्या, रांग लागली. रांगेत भाचीही होती, मान खाली घालून. मावशीने तिच्या मानेला हात लावला तर मान दगडासारखी गार. दातांचे डॉक्टर तेवढे रांगेत नव्हते. हे गृहस्थ दर महिन्याला यायचे, स्वतःचा सातचा सूट आणायचे आणि डोक्याला रबरी टोपीसुद्धा घालायचे. सगळे त्यांना हसायचे. 'ध्रुवावर निघाले' म्हणायचे. त्यांनी बाकावर बसून, शीळ वाजवत, एका झटक्यात आपली चेन स्वतः उघडली.

मावशी बघतच राहिली. मग टॉवेलांचा गठ्ठा घेऊन, कधी नव्हे ती थेट धक्क्याच्या टोकाला गेली.

कप्तान सगळ्यांत शेवटी शिडीवरून वर येत होता. अर्धा पाण्यात, अर्धा उन्हात. दोन पायऱ्या चढला, मनगटावरच्या यंत्राकडे एक नजर टाकली आणि ओरडला, "पंचवीस! लिहा रे!"

बस्स. एवढंच होतं.

मावशीला क्षणभर हसू आलं आणि पाठोपाठ असा संताप, की हातातले टॉवेल पाण्यात फेकावेत असं वाटलं.

"तू तापमान इथे बघतोस? शिडीवर?"

"मग कुठे बघायचं? स्वयंपाकघरात?"

"खाली असताना किती होतं?"

"खाली मी माणसं बघतो, ताई. सहा जणांचे जीव सांभाळायचे असतात."

"बरोबर आहे. पण म्हणजे फळ्यावर शिडीचं तापमान आहे. माणसं काय शिडीवर चाळीस मिनिटं बसतात?"

कप्तान हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर अडकलं. "पाच-सहा मीटरवर तीन मिनिटं थांबतो आपण वर येताना. यंत्र तिथलं पाणी दाखवतं."

"पाच-सहा मीटरवरचं. आणि काम वीस मीटरवर."

"अगं, एवढा फरक नसतो! अकरा वर्षं या पाण्यात..."

"यंत्रात खालचा आकडा राहतो का?"

कप्तानाने दोन बटणं दाबली. मग तीन. यंत्र टीं टीं करून तारीख दाखवायला लागलं. कप्तान त्याच्यावर डाफरला. शेवटी बाकावरून डॉक्टर उठून आले, "दाखवा इकडे, माझंही हेच आहे," म्हणाले आणि दोनदा टिचकी मारली. "सर्वांत कमी तापमान. हे बघा. चौदा."

"किती?"

"चौदा. सोळा मीटरच्या खाली एकदम उतरतं. मी म्हटलं, तुम्हांला ठाऊक असेलच. मी तर पहिल्याच दिवसापासून सातचा घालतो."

"मग बोलला नाहीत का कधी?" मावशीचा आवाज वाढला. तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"सगळे हसत होते हो," डॉक्टर अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "मला वाटलं, मलाच थंडी जास्त वाजते."

कप्तान शिडीवरच उभा होता. सूटमधून पाणी गळत होतं. फक्त मावशीला ऐकू येईल असं तो म्हणाला, "ताई, मलाही खाली काकडायला होत होतं. मला वाटलं, वय झालं."

घ्या! तिथे मावशीने कपाळाला हात लावला. तीन आठवडे वीस-पंचवीस माणसं कुडकुडत वर येत होती आणि प्रत्येक जण समजत होता की खोट आपल्यातच आहे. का, तर फळ्यावर पंचवीस लिहिलंय!

"जाऊन तिला सांग," मावशी म्हणाली.

"काय?"

"की ती घाबरली नव्हती. गारठली होती. दहा लोकांत बोललास, आता निदान एकटीला तरी सांग."

कप्तानाला हे पंचवीस किलो शिसं उचलण्यापेक्षा जड गेलं. तो सूटच्या खोलीत आला, हँगर सारखे करत राहिला, नाक ओढलं आणि म्हणाला, "काडीपैलवान, ते खाली पाणी जरा गार होतं म्हणे."

"म्हणे?" भाचीने मान वर केली.

"चौदा," मावशी म्हणाली. "चौदा अंश होतं. आणि तू तीनच्या सूटमध्ये पस्तीस मिनिटं काढलीस."

भाची एकदा हिच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. मावशीला वाटलं, आता मोकळी होईल. कसलं काय! पोरगी उलट भडकली. "म्हणजे तुम्हां दोघांचं ठरलंय! उद्या मी हिरमुसू नये म्हणून गोष्ट रचलीत. मामा, तू तर म्हणालास काळीजच नाही!"

"सारखं नसतं म्हणालो..."

"तेच ते!"

शेवटी डॉक्टरांना बोलावून कप्तानाच्या यंत्रातले, परीक्षेच्या दिवसापासूनचे तीन दिवसांचे आकडे तिला दाखवावे लागले. चौदा, चौदा, पंधरा. ती आकड्यांकडे कितीतरी वेळ बघत बसली. मग हळूच आपल्या बोटांकडे बघितलं, उघडली, मिटली. आणि एकदम म्हणाली, "सातचा काढ."

आता खरी कटकट सुरू झाली. सातचे सूट होते चार, आणि चारही धष्टपुष्ट माणसांच्या मापाचे. भाचीने पहिला चढवला तर कमरेशी मूठ आत जाईल एवढी पोकळी. पाणी आत शिरून सारखं बदलत राहिलं तर जाड सूटही काही कामाचा नाही. अंगाला चिकटून बसलं तरच आतलं थोडंसं पाणी तापून ऊब राहते. दुसरा त्याहून मोठा. पाचचा नवा एक होता, तो छातीशी इतका घट्ट की चेन लागली पण श्वास घेता येईना. "बोलून दाखव," मावशी म्हणाली. "नाही... येत..." म्हणाली भाची. तो सोलून काढताना दोघींना घाम फुटला. मापाचा पाचचा होता तो जुना; मावशीने पाठीशी चिमटा घेतला, पाठ कागदासारखी. दुसऱ्याची पाठ चांगली, तर गुडघा चिरलेला.

"नऊ वर्षं सूट सांभाळतेस आणि माझ्या मापाचा एक नाही?"

"तुझ्या मापाची माणसंच नाहीत जगात, मी काय करू!" मावशीही चिडली.

अखेर जुना पाचचा आणि त्याच्या आत तीनचं बिनबाह्यांचं जाकीट, असं ठरलं. वर डॉक्टरांची रबरी टोपी. टोपी घातल्यावर भाचीचा चेहरा एवढासा दिसायला लागला. तिने आरशात पाहिलं आणि "कासव," एवढंच म्हणाली. पण टोपी काढली नाही.

पुढचं काम कप्तानाचं होतं. सूट जाड झाला की माणूस बुचासारखा तरंगतो, मग कमरेच्या पट्ट्यात शिसं वाढवावं लागतं. किती, ते पाण्यात उतरूनच कळतं. कप्तान दुपारभर घुम्यासारखा वागत होता. मावशीने तीनदा सांगितल्यावर तो उठला, भाचीच्या पाठीला हवेची टाकी बांधून तिला धक्क्याशी पाण्यात उभं केलं, पट्ट्यात दोन किलो वाढवले, ती डोळ्यांपर्यंत बुडाली तसं "झालं, पुरे" म्हणून वर आला. अर्ध्या तासाचं काम सात मिनिटांत. मावशीला ते खटकलं. पण शिशातलं तिला कळत नव्हतं, आणि एका दिवसात भावाला किती वेळा टोचायचं, असं म्हणून ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी बोट गेली. मावशीचे सगळे सूट चिमटून झाले, पुन्हा चिमटले. अकराला ती धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

बोट लागायच्या आधीच भाचीचा आवाज आला. ओरडत होती. पण ओरडणं रडण्याचं नव्हतं.

"भरलेली टाकी! भरलेल्या टाकीवर वजन बघितलंस तू काल!"

कप्तान बोटीत उभा राहून डोकं खाजवत होता. परीक्षक, एक वाळका, शांत माणूस, कागद गुडघ्यावर ठेवून लिहीत होता. धक्क्यावर चढल्यावर त्याने बातमी वाचावी तसं वाचून दाखवलं. गाठी तीनही, पहिल्या प्रयत्नात. नांगर उचलणं, उत्तम. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, नापास. दुसऱ्या मिनिटालाच उमेदवार पृष्ठभागावर आली.

"आली नाही, उडाली!" भाची म्हणाली. "हवा संपत आली की टाकी हलकी होते, दोन किलोंनी. हे तूच शिकवतोस मला, मामा! तेवढं शिसं जास्त धरायचं असतं. आणि स्वतः विसरलास!"

"घाईत राहिलं," कप्तान पुटपुटला.

"घाई कसली? रुसला होतास!"

इतकं सगळं करून, शेवटी दोन किलोंनी घात केला. आणि तोही त्याच माणसाच्या हातून. तिने भावाकडे असं पाहिलं, की तो टाक्या मोजायला लागला.

"एवढाच भाग पुन्हा देता येईल," परीक्षक म्हणाला. "महिन्याच्या आत. पण मी उद्या निघतोय. माझ्याकडे यावं लागेल. दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठलंय, तिथे घेतो मी परीक्षा. सांगून ठेवतो, वरून खालपर्यंत नऊ अंश असतं."

मावशीने मान खाली घातली. काल ती म्हणाली होती तेच आता म्हणणार, पाण्याचं नाव काढणार नाही म्हणून.

"तारीख सांगा," भाची म्हणाली.

परीक्षकाने सांगितली. तिने ती दोनदा म्हणून घेतली आणि टोपी ओरबाडून काढत, पाणी ठिबकवत, तशीच तरातरा सूटच्या खोलीत शिरली. मावशी मागोमाग धावली.

"नऊला काय घालतात गं?"

"माझ्याकडे नऊला काही नाही. सातचे ते चार ढगळे. आणि ते आतून आवळायचे म्हणजे रबर कापून पुन्हा चिकटवायचं, शिवायचं, पाणी शिरतंय का बघायचं. महिना पुरणार नाही."

"पुरव."

"पुरव म्हणे! मी काय यंत्र आहे? मामाने घोळ घालायचा आणि मी निस्तरायचा!"

"मग मी काय करू? घरी बसू?"

"मी असं म्हटलं का?" मावशीने खण उपसून मोजपट्टी शोधली. ती सापडेना. खडू सापडला, मेण सापडलं, तीन कात्र्या सापडल्या. मोजपट्टी तिच्याच गळ्यात होती.

कप्तान दारात आला. "मी येतो बरोबर. शिसं मी नीट..."

"तू नको येऊस," दोघी एकदम म्हणाल्या.

तो तरीही दारातच उभा राहिला. मावशीने त्याच्याकडे पाठ केली आणि पट्टी भाचीच्या छातीभोवती घेतली. पोरगी अजून बडबडत होती, दुसरं मिनिट कसं चालू होतं, वरचा उजेड कसा जवळ यायला लागला, पाय मारून मारून कशी खाली राहायला बघत होती.

"एकोणऐंशी," मावशी म्हणाली. "आणि हात वर ठेव. हातवारे करत बोललीस की माप चुकतं."